ऊसतोडीला जाताना गाडी उभी करून ठेवायची तर: तीन मोटारसायकलींच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५

दिवाळी सरली की आमच्या वाडीतली निम्मी घरं कुलूप लावून कारखान्याला जातात. बैलं, भांडी, लेकरं सगळं बिऱ्हाड सोबत जातं, मोटारसायकल तेवढी मागं राहते. टोळ्या माघारी आल्या की तालुक्याच्या ज्या गॅरेजात मी काम करतो तिथं दरवर्षी तीच रांग लागते: कार्बोरेटर चोकअप, बॅटरी मेलेली, वायरिंग उंदरानं कुरतडलेलं, चेन गंजून ताठ. या गाड्या चालून खराब झालेल्या नसतात, उभं राहून खराब झालेल्या असतात. म्हणून यंदा काम करता करता लिहून ठेवतोय. बीड जिल्ह्यातल्या कुणाच्याही उपयोगी पडेल.

गाड्या तीन. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची स्प्लेंडर, २०११ची, कार्बोरेटरची. तात्यांची एचएफ डिलक्स, बीएस-६, म्हणजे इंजेक्शनची. तिसरी शेजारच्या मामांची जुनी प्लॅटिना. ती सप्टेंबरच्या पुरात सिंदफणेच्या पाण्यात रात्रभर उभी होती. तिचं वेगळं लिहितो.

आज फक्त जागा ठरवली, आणि त्यातच रविवार गेला. गोठ्यात उभी करू नये. जनावरांच्या मुतातून अमोनिया निघतो, त्यानं तांब्याच्या वायरी हिरव्या पडतात आणि क्रोम फुटतं. खताच्या खोलीत तर अजिबात नको. युरिया न् पोटॅशच्या गोण्या हवेतली ओल ओढून घेतात आणि शेजारच्या लोखंडावर गंज चढतो. सोयाबीनच्या थप्पीशेजारी उंदीर. लिंबाखाली उघड्यावर ठेवली तर टायर उन्हानं तडकतात आणि पेट्रोल रात्रीतून नळी लावून कुणीतरी नेतं. राहिली मागची पत्र्याची खोली. तिथं पाच कट्टे सोयाबीन होतं. ते ओसरीत हलवायला आजी तयार होईना. "गाडीपायी माल भाईर काढायलास व्हय?" शेवटी आडत दुकानात भाव विचारून तीन कट्टे विकले, दोन आजीच्या खाटेखाली गेले.

८ ऑक्टोबर

मामांची प्लॅटिना. पुरातून निघालेल्या गाडीचा पहिला नियम: किक मारायची नाही. मामांनी मारली नव्हती, म्हणून इंजिन वाचलं. सिलिंडरमध्ये पाणी असताना किक मारली तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

ऑइलचा नट खोलल्यावर आधी नुसतं पाणी आलं, जवळजवळ पेलाभर. मग पांढरट तपकिरी फेस. हे ऑइल तसंच ठेवून गाडी पाच महिने उभी केली असती तर क्रँकची बेअरिंग गंजली असती. स्वस्तातलं ऑइल भरलं, प्लग काढून आधी नुसती किक मारून सिलिंडरमधलं पाणी उडवलं, मग प्लग लावून, टाकीतलं पुराचं पेट्रोल न वापरता, गाडी दोन-तीन मिनिटं चालवली आणि ऑइल काढून टाकलं. पुन्हा फेस. पुन्हा भरलं. तिसऱ्या खेपेला ऑइल जसं घातलं तसं निघालं, तेव्हा चांगलं ऑइल भरलं. एअर फिल्टरचा कागद भिजून लगदा झालेला, नवा टाकला. दोन्ही चाकांचे ब्रेकचे ड्रम उघडले तर आत सुकलेला गाळ. लायनरवर पॉलिश पेपर मारला, ड्रम पुसून कोरडे केले. पुढच्या चाकाची बेअरिंग हातानं फिरवली की खरखर करत होती, बदलली.

फ्लशिंगचं ऑइल ५४०, चांगलं ऑइल ३८०, फिल्टर १५०, बेअरिंग २४०. एकूण १३१० रुपये. मामा म्हणाले, "भाच्या, मुकादमाची उचल भिंत बांधण्यात गेली. हे माघारी आल्यावर देतो." पुरात त्यांची मागची भिंत पडली होती, त्यामुळं मी काही बोललो नाही. मजुरी तर लावलीच नव्हती.

१२ ऑक्टोबर

पेट्रोल. या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि सगळ्यात जास्त वाद यावरच.

आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. अण्णा-आई जो ऊस तोडायला जातात त्याच उसाच्या मळीपासून आणि रसापासून काही इथेनॉल होतं, त्याहून जास्त मका-तांदळापासून. चालत्या गाडीला त्याचं फार वाटत नाही, टाकी आठवड्याला रिकामी होते. उभ्या गाडीचं वेगळं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकी अर्धी असेल तर वरच्या मोकळ्या जागेत हवा, आणि आपल्याकडं हिवाळ्यात दुपारी तीसच्या आसपास, पहाटे दहा-बाराच्या आसपास. परभणीकडं तर पारा एक आकडी होतो. रोज रात्री टाकीच्या आतल्या पत्र्याला घाम सुटतो आणि ते पाणी पेट्रोलमध्ये उतरतं. एका मर्यादेपर्यंत इथेनॉल ते पाणी सामावून घेतं, त्यापुढं पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं.

हे अण्णांना सांगून पटेना म्हणून प्लॅटिनाच्या टाकीतलं पुराचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं आणि ओट्यावर ठेवलं. संध्याकाळपर्यंत दोन थर झाले. वर पिवळसर पेट्रोल, खाली चारेक बोटं गढूळ थर, मधली रेघ सुरीनं कापल्यासारखी सरळ. बरणी तिरकी केली तर रेघही तिरकी व्हायची, पण मिसळायची नाही. पेट्रोल कॉकची नळी टाकीच्या तळाशी असते, म्हणजे कार्बोरेटरला आधी हा खालचा थर जाणार. अण्णांनी बरणी बराच वेळ हातात धरली आणि म्हणाले, "मंग भर टाकी."

तर स्प्लेंडर आणि एचएफ डिलक्स दोन्हींच्या टाक्या गळ्यापर्यंत भरल्या. हजार-हजाराचं पेट्रोल पाच महिने अडकून पडतं ही तक्रार खरी आहे. पण गंजलेली टाकी आतून साफ करून घ्यायला तेवढाच खर्च येतो, आणि साफ करूनही ती पुन्हा गंजते. खोलीला कुलूप लागत नसेल, पेट्रोल चोरीला जाण्याची भीती असेल, तर अर्धवट ठेवू नका. पूर्ण रिकामी करा, उन्हात झाकण उघडं ठेवून कोरडी करा, आत शंभर मिली इंजिन ऑइल ओतून टाकी सगळीकडून हलवा म्हणजे पत्र्यावर थर बसतो. प्लॅटिनाचं हेच केलं. काढलेलं पेट्रोल घरात, चुलीजवळ, पाण्याच्या बाटलीत ठेवायचं नाही. कुणीतरी पाणी म्हणून तोंडाला लावतं.

इंजेक्शनच्या गाडीची टाकी मात्र रिकामी करू नये. तिचा पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, त्याला थंड ठेवणं आणि वंगण देणं पेट्रोलच करतं.

१३ ऑक्टोबर

स्प्लेंडरचा कार्बोरेटर. सगळे सांगतात की कॉक बंद करा, इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, झालं. तेवढ्यानं होत नाही. मेन जेट, म्हणजे पेट्रोल ओढणारं बारीक भोक, कार्बोरेटरखालच्या वाटीच्या तळापासून थोडं वर असतं, त्यामुळं इंजिन बंद पडलं तरी वाटीत खाली पेट्रोल शिल्लक राहतं. तेच उडून जाऊन मागं चिकट राळ राहते आणि स्लो जेटचं भोक बुजतं. वाटीच्या खाली पेट्रोल सोडायचा एक स्क्रू असतो, तो खोलला की उरलंसुरलं निघतं.

आमचा स्क्रू आधीच कुणीतरी चुकीच्या पेचकसानं फिरवून त्याची खाच गोल केलेली. गंज सोडवायचा स्प्रे मारून तासभर थांबलो, पकडीनं पकडलं, हलला नाही. शेवटी अख्खी वाटीच खोलली. बरं झालं खोलली, कारण आत तळाला पांढरट भुकटी बसलेली होती. इथेनॉल न् पाण्यानं वाटीचा धातू खाल्ला की ही येते. ती काढून जेट हवेनं फुंकले. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग ॲव्हरेज कायमचं जातं. वाटीचा रबरी वॉशर फुगलेला निघाला, तो बदलला. टाकीपासूनची पेट्रोलची नळीही कडक झाली होती, तीही बदलली. एप्रिल २०२३च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी भाग या पेट्रोलसाठी बनवलेलेच नाहीत, त्यामुळं जुन्या गाडीची नळी एकदा हातानं दाबून बघा. वॉशर आणि नळी मिळून ९० रुपये. वेळ गेला तो वेगळाच, जेवण रात्री दहाला.

१९ ऑक्टोबर

इंजिन ऑइल. "आल्यावर बदलू की, उभ्या गाडीला कशाला नवं ऑइल?" हा तात्यांचा प्रश्न. उत्तर: वापरलेल्या ऑइलमध्ये जळणाची आम्लं आणि ओल असते, ती पाच महिने बेअरिंगला चाटत बसते. आत्ता बदला, आल्यावर तेच ऑइल चालतं. इंजिन गरम करूनच काढा, नाहीतर निम्मा गाळ आतच राहतो.

प्लग काढून सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल, चावी बंद ठेवून हातानं हळूहळू किक दाबली, प्लग परत लावला. त्यानं पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला चिकटत नाहीत.

चेन डिझेलनं धुतली. रॉकेल आता मिळत नाही आणि पेट्रोलनं धुणं धोक्याचं. कोरडी करून नव्वद नंबरचं गिअर ऑइल ब्रशनं लावलं. आपल्याकडं सर्रास जळकं ऑइल चेनला लावतात. त्यात लोखंडाचा कीस असतो, तो चेनच झिजवतो. स्पोक, रिम, शॉकॲबचे नळे, स्टँडची स्प्रिंग यांवर त्याच ब्रशचा हलका हात. ब्रेकच्या आसपास मात्र तेल जाऊ द्यायचं नाही.

२० ऑक्टोबर

बॅटऱ्या. आधी वजा, मग अधिक, या क्रमानं काढल्या. तात्यांची बंद प्रकारची, १२.३ व्होल्ट होती. लहान चार्जरवर रात्रभर लावून सकाळी काढली आणि दुपारी मोजली तेव्हा १२.७. तीन ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीला पाव ते अर्ध्या ॲम्पिअरच्या वर करंट देऊ नये. बाजारात बॅटरीवाल्याकडं ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांच्या ओळीत जोडून देतात, तिथं ती दोन तासांत गरम होते आणि फुगते. छोटा चार्जर ६५० रुपयांना पडला, पण गल्लीतल्या सगळ्यांच्या कामाला येतोय.

अण्णांची पाण्याची बॅटरी. बॅटरीचं पाणी घातलं (बोअरचं घालू नका, क्षार असतात), चार्ज केली, तरी १०.५च्या वर जाईना. सहा खान्यांतला एक खाना मेला. अण्णांना नवीन घ्यायची होती. मी नको म्हटलं. नवीन बॅटरीसुद्धा पाच महिने पडूनच राहणार आणि तिची वॉरंटी त्यातच सरणार. मार्चात घेऊ. जुनी स्प्लेंडर तशीही बॅटरीशिवाय किकनं चालू होते. हे वाक्य मी ओसरीवर मोठ्यानं बोललो. त्याचं पुढं काय झालं ते डिसेंबरच्या नोंदीत.

कागदपत्रांचं थोडक्यात. तात्यांच्या गाडीचा विमा जानेवारीत संपतो, तो आधीच भरला. खंड नव्वद दिवसांच्या वर गेला की नो क्लेम बोनस जातो, आणि बंद विम्यावर चोरीची भरपाई मिळत नाही. पीयूसी मात्र आत्ता काढू नका. जुन्या गाडीची सहा महिन्यांचीच असते, ती उभ्या उभ्याच संपते.

२४ ऑक्टोबर

काल भाऊबीज झाली. रविवारी टोळी निघणार, म्हणून आज उभ्या केल्या. खोलीची जमीन शेणानं सारवलेली, तिची ओल टायरला लागू नये म्हणून खाली फळ्या. मेन स्टँडवर घेऊन पुढं चासीच्या पाइपखाली लाकडाचा ओंडका, म्हणजे पुढचं चाकही अधांतरी. ओंडका इंजिनच्या कव्हरखाली देऊ नये, ॲल्युमिनियम फुटतं. हवा नेहमीपेक्षा चार-पाच पौंड जास्त.

सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर फिल्टरच्या नाकाला बारीक तारेची जाळी, वर प्लास्टिकची पिशवी, रबरानं आवळलेली. नुसती पिशवी उंदीर फाडतो. सीटखाली डांबर गोळ्या. वर झाकायला आजीची जुनी वाकळ. प्लास्टिकची ताडपत्री थेट गाडीवर टाकायची नाही, आतली ओल आतच राहते. तिन्ही चाव्या भिंतीच्या खुंटीला.

१६ नोव्हेंबर

डांबर गोळ्या उडून अर्ध्या झाल्यात. उंदरांच्या लेंड्या एचएफ डिलक्सच्या सीटवर, गोळ्यांपासून वीतभर अंतरावर. म्हणजे उपयोग शून्य. वायरिंग शाबूत आहे. खोलीच्या दाराखालची फट सिमेंटनं बुजवली. आजीच्या खाटेखालचे दोन कट्टेही विकून टाकले, त्यानंतर लेंड्या दिसल्या नाहीत. गोळ्यांवरचे ८० रुपये वाचवा.

२१ डिसेंबर

दोन भानगडी.

पहिली पत्र्याची. पहाटे खोलीत टपटप आवाज येतोय म्हणून आजीनं उठवलं. बॅटरी मारून बघितलं तर पत्र्याला आतून दव धरलेलं, खिळ्यांच्या ओळीनं थेंब गळत होते आणि खाली स्प्लेंडरच्या टाकीवरची वाकळ ओली चिंब. ओली वाकळ म्हणजे टाकीला थंड पोटीसच. वाकळा काढल्या तर टाकीच्या झाकणाभोवती गंजाचे तांबडे ठिपके आलेले. पुसून ऑइलचा हात फिरवला. मग गाड्यांच्या वर हातभर अंतर सोडून चारी कोपऱ्यांना दोरीनं ताडपत्री ताणली, एका बाजूला उतार देऊन. थेंब ताडपत्रीवर पडून बाजूला वाहतात आणि गाडीला खालून हवा मिळते. पत्र्याच्या खोलीत गाडी ठेवणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

दुसरी भानगड शेजारच्या पोराची. आजीला कुणीतरी सांगितलं होतं की उभ्या गाडीला आठवड्याला एकदा किक मारावी लागते, नाहीतर इंजिन जाम होतं. बॅटरी नसली तरी स्प्लेंडर किकनं चालू होते हे तिनं ओसरीवर माझ्याच तोंडून ऐकलं होतं. तिनं मायेनं शेजारच्या पोराला बोलावलं. त्यानं खुंटीवरची चावी घेतली, पिशव्या काढल्या, कॉक उघडला आणि स्प्लेंडर चालू केली. सिलिंडरमधलं ऑइल जळून खोलीभर पांढरा धूर झाला. आजी घाबरून ओरडली, पोरानं दोन मिनिटांत बंद केली. तो काही चुकला नाही, त्याला जे माहीत होतं ते त्यानं केलं.

पण दोन मिनिटं चालवणं हे न चालवण्यापेक्षा वाईट. जळणातून पाण्याची वाफ निघते, इंजिन न् सायलेन्सर तापून ती बाहेर जाईपर्यंत गाडी चालली तर ठीक, नाहीतर तेच पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचतं. शिवाय वाटीत पुन्हा पेट्रोल आलं. मी गाडी बाहेर काढून वीसेक मिनिटं रस्त्यावर पळवली, पुन्हा वाटी खोलली, पुन्हा चमचाभर ऑइल. अर्धा रविवार गेला. चाव्या आता माझ्या पेटीत.

१८ जानेवारी २०२६

फक्त बॅटरी. तात्यांची १२.४ वर आली होती, रात्रभर चार्जरवर लावली. बाकी काही हात लावला नाही.

२९ मार्च २०२६

पाडवा तिकडं फडातच झाला. परवा सगळे आले. आज गाड्या उघडल्या.

प्लॅटिना: टाकीतलं ऑइल ताज्या पेट्रोलनं खळबळून काढलं, दोन लिटर भरलं. बरीच किक मारून चालू झाली, पण पाच मिनिटांनी बंद पडायला लागली. टाकीचं झाकण उघडलं की चालायची, लावलं की बंद. झाकणाच्या हवेच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. हवा आत जाईना म्हणून पेट्रोल खाली उतरेना. सुईनं माती काढली. जाळ्या लावताना झाकणाचं भोक कुणाच्याच डोक्यात येत नाही. पुढच्या वेळी त्यावर कापडाची पट्टी.

स्प्लेंडर: जुना प्लग ऑइलनं काळा झाला होता, पुसून लावला, तिसऱ्या किकला चालू. धूर थोडा वेळ. गिअर टाकल्यावर मात्र क्लच दाबूनही चाक फिरत होतं, प्लेटा चिकटलेल्या. इंजिन बंद करून, तिसरा गिअर टाकून, क्लच दाबून गाडी मागंपुढं ढकलली, एकदा कट् झालं आणि सुटल्या. नवी बॅटरी ११५० रुपये. अण्णांनी उचलीचा हिशेब अजून मुकादमाकडून आला नाही असं सांगत पैसे मोजले.

एचएफ डिलक्स: बॅटरी जोडली, चावी फिरवून पंपाची घुर्र ऐकली, बटण दाबलं, चालू. मागचा ब्रेक मात्र दाबला की अर्धवट धरून राहतो. ब्रेकचा दांडा ज्या पिनीवर फिरतो तिथं ग्रीस सुकलंय असं वाटतं. मंगळवारी चाक उतरवून बघतो. तोवर तात्यांना मामांची प्लॅटिना दिली आहे, आणि मामा पायीच आहेत.